येथे रडण्यास मनाई नाही

बाळ फार शांत आहे, असं कोणी कौतुकानं सांगितलं की आमच्या डॉक्टरांचा चेहरा पडायचा. ताप सांगा, जुलाब सांगा, मोठ्या भावानं नाकात शेंगदाणा घातलाय असं सांगा, ते हसत ऐकून घ्यायचे. पण एखादी आजी दुपट्यातलं गाठोडं पुढे करून म्हणाली, की इतकं गुणी आहे हो, नुसतं झोपून असतं, की ते ताडकन खुर्चीवरून उठायचे. बाळ खिडकीशी न्यायचे, झबलं काढायचे आणि तळपायाला टिचकी मारायचे. बाळानं भोकाड पसरलं की मग यांचा चेहरा खुलायचा. "आता गुणी झालं," असं म्हणून ते बाळ आजीच्या हातात परत द्यायचे. आजी बहुतेक वेळा रागावलेली असायची.

नवीन पनवेलमध्ये आमची चार मजल्यांची इमारत आहे. तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि मागच्या खोलीत ते एकटे राहायचे. त्यांच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, मी राहतो. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो आणि लगोलग सोसायटीचा सेक्रेटरी झालो. घरात कोणी ऐकेनासं झालं की माणूस सेक्रेटरी होतो, असं आमची ही म्हणते.

या डॉक्टरांबद्दल आमच्या इमारतीत एक गोष्ट सांगतात. माझ्या नातीची कावीळ मी ओळखली, मी आरडाओरडा केला आणि मग डॉक्टर धावत आले, अशी ती गोष्ट आहे. नवीन भाडेकरू आला की त्यालाही ती ऐकवली जाते. ती खरी नाही. ती इतकी वर्षं चालली, कारण मी ती चालू दिली. आता माझं वय झालं आहे, आणि डॉक्टर कसे होते हे खरं खरं सांगायचं तर ती गोष्ट आधी मोडावी लागेल. तिच्यापर्यंत येतोच. पण आधी त्यांच्या तऱ्हा सांगतो, कारण तऱ्हा कळल्याशिवाय ते एका दुपारी जिन्यात थाळी का वाजवत होते हे कळणार नाही.

आमचं भांडण आवाजावरून सुरू झालं. नवजात बाळांचे डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं. पनवेल, कळंबोली, उरणकडची गावं, सगळीकडून लोक यायचे. मी दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडायचो आणि फरशीखालून पाच-सहा बाळांचा एकत्र टाहो यायचा. मी सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम केलं ते जिन्याच्या तोंडाशी पाटी लावण्याचं. दुपारी दोन ते चार शांतता राखावी, हुकुमावरून. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिच्याखाली डॉक्टरांनी तितकीच मोठी, तसल्याच निळ्या अक्षरांत पाटी लावलेली: येथे रडण्यास मनाई नाही.

मी खाली गेलो. म्हटलं, पेशंटना गप्प ठेवायची काहीतरी व्यवस्था करा. ते म्हणाले, "गप्प करायचं औषध माझ्याकडे नाही. रडवायचं आहे. देऊ का तुम्हाला?" आणि त्यांनी माझ्या कपाळावर अंगठा दाबला, उचलला, आणि डोळे बारीक करून दाबलेल्या जागेकडे पाहिलं. ही त्यांची सवय होती. बाळाच्या कपाळावर, छातीवर असं दाबलं की रक्त बाजूला होतं आणि खालचा रंग दिसतो. पिवळा असला तर कळतो. रोज शेकडो वेळा करून त्यांचा अंगठा स्वतंत्र झाला होता. तो पोस्टमनच्या कपाळावर जायचा, भाजीवाल्याच्या जायचा. एकदा पाणीपट्टीचं बोलायला आलेल्या साहेबाच्या कपाळावर गेला, आणि तो साहेब दोन पावलं मागे सरून हात जोडूनच उभा राहिला, त्याला वाटलं आशीर्वाद मिळतोय.

दुसरं भांडण रंगावरून झालं. माझ्या कारकिर्दीत इमारतीला रंग काढला. बाहेरून विटकरी आणि जिन्यात फिकट पिवळा, मी स्वतः पसंत केलेला. प्रसन्न वाटतो. रंगारी तळमजल्यावर पोचले आणि डॉक्टर शिडीच्या पुढ्यात हात पसरून उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की पिवळ्या भिंतीपाशी धरलं तर कोणतंही बाळ पिवळं दिसतं, आणि सगळीच पिवळी दिसायला लागली की खरं पिवळं कोणतं ते समजत नाही. मी म्हटलं, सोसायटीचा रंग एकच असतो. त्या रात्री त्यांनी स्वतः चुना कालवून दवाखान्यासमोरची भिंत पांढरी करून टाकली. सकाळी त्यांच्या भुवयांनाही चुना लागलेला होता.

पिवळ्याशी त्यांचं वैरच होतं. दवाखान्यात पिवळा बल्ब नाही, पडदे नाहीत, पिवळं झबलं घालून बाळ आणलं तर दारातच उतरवायचं. हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या बायका बाळाला हात लावायच्या आणि बोटांचा हळदीचा ठसा बाळाच्या गालावर उमटायचा. मग डॉक्टर त्या गालाला साबण लावून बसायचे आणि बडबडायचे, की आधीच निसर्ग कमी गोंधळ घालतो का.

बाळ बघताना ते आईला पहिला प्रश्न एकच विचारायचे. भांडतं का? एकदा मी तक्रार घेऊन खाली गेलो होतो तेव्हा उरणकडची एक बाई समोर बसली होती. बाळाच्या गळ्यात कुठल्याशा पानाकाड्यांची कावीळ उतरवायची माळ. अशी माळ गळ्यातून पोटावर उतरली की कावीळ उतरली असं मानतात.

डॉक्टरांनी विचारलं, "भांडतं का?"

"येवढासा पोर, त्यो कुनाशी भांडल?"

"तुझ्याशी. दुधासाठी."

"नाय बा. निजूनच हाय. घरान समदी म्हन्तात, देवमानूस आलाय."

"देवमाणूस मोठेपणी होऊ दे. आता भांडखोर व्हायला पाहिजे."

"भांडखोर लय हायेत आमचे घरान, डाक्टर. येक नसला तरी चालल."

डॉक्टर इतके हसले की बाळ दचकलं, आणि ते दचकलं म्हणून आणखी हसले. माळ त्यांनी काढली नाही. म्हणाले, माळ राहू दे, ती काही खातपीत नाही. पण बाळाचं रक्त आजच तपासायचं, आणि दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं. झोपलंय म्हणून सोडायचं नाही. उठत नसेल तर पाय चोळायचे, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, कपडे उतरवायचे, तरी नाही उठलं तर लगेच इथे यायचं. बाई गेल्यावर मला म्हणाले, "या पिवळेपणाचा कावा बघा. तो बाळाला झोप आणतो. झोपेत बाळ दूध चुकवतं. दूध पोटात गेलं नाही की पिवळा रंग बाहेर पडत नाही, आणखी चढतो. मग आणखी झोप. आणि घरातले म्हणतात, किती गुणी." बहुतेक बाळांना थोडी कावीळ होतेच आणि जातेही, हे ते प्रत्येकाला सांगायचे. पण जाते की चढते हे बाळाच्या वागण्यावरून आधी समजतं, रंगावरून नंतर.

ती बाई पुढच्या खेपेला आली तेव्हा बाळ बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. डॉक्टर खूश झाले. नंतर तिनंच कबूल केलं, की तुमाला बरा वाटंल म्हनून दारान चिमटा काढला.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात डॉक्टर दर वर्षी एकच नक्कल करायचे. बाळांच्या रडण्याची. उंच, पोक आलेला, पांढऱ्या बुशशर्टातला माणूस माइकसमोर उभा राहायचा आणि डोळे मिटून भुकेलेलं बाळ रडायचा. मग दुपटं ओलं झालेलं बाळ. मग पोट दुखणारं, आणि मग कारण नसताना केवळ आजी बघतेय म्हणून रडणारं. लोक पोट धरून हसायचे. बायका म्हणायच्या, अगदी अस्साच आमचा. एका वर्षी कोणीतरी ओरडलं, डॉक्टर, काविळीच्या बाळाचं रडणं करा. त्यांनी माइक खाली ठेवला. म्हणाले, तो आवाज मी नाही काढत. आणि जाऊन खुर्चीवर बसले. मला वाटलं, भाव खातायत.

त्याच सुमारास माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून आमच्याकडे आली.

मुलगी झाली. पनवेलच्या ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे घरी सोडताना त्यांनी सांगितलं होतं, की किंचित पिवळी वाटते, परत दाखवायला आणा. मी ठरवलं की एवढ्याशा जिवाला उन्हात कशाला हलवायचं. खाली बालरोगतज्ज्ञ होतेच, पण त्यांच्या पायरीवर जायला मला लाज वाटत होती, कारण पुढच्याच मीटिंगमध्ये दवाखाना इमारतीतून हलवावा हा विषय मी मांडणार होतो. शिवाय नात काही आजारी दिसत नव्हती. उलट, तिच्यासारखं बाळ मी पाहिलं नव्हतं. रडणं नाही, कुरकुर नाही. दूध प्यायला घेतलं की दोन घोट घ्यायची आणि झोपून जायची. मी सगळ्यांना सांगत सुटलो, की सेक्रेटरीची नात आहे, नियम पाळते. रंग तर असा, की मी फोनवर व्याह्यांना म्हटलं, केतकीचं पान आहे. पुण्याहून तिच्या आजीनं पिवळं रेशमी झबलं पाठवलं होतं, तेच अंगात होतं. दृष्ट लागू नये म्हणून पडदे ओढलेले, बाळंतिणीच्या खोलीत पिवळा दिवा. आमच्या हिला एकदा शंका आली होती, तिनं तेवढ्यानं पिवळेपणा जातो म्हणून बाळाला झबल्यासकट सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ धरलं आणि समाधान करून घेतलं. त्या घरात खरा रंग दिसेल अशी एकही जागा आम्ही ठेवली नव्हती.

जिन्यात डॉक्टर भेटले. पेढे मिळाले म्हणाले. मग विचारलं, भांडते का? मी ताठ मानेनं सांगितलं, की आमच्याकडे भांडायची पद्धत नाही. ते काहीतरी बोलणार होते, पण मी वर निघून आलो होतो.

एक-दोन दिवसांनी दुपारी बेल वाजली. घरात मी, मुलगी आणि बाळ. आमची ही आळीव आणि डिंक आणायला बाजारात गेली होती. मुलगी आतल्या खोलीत कानांत कापसाचे बोळे घालून, वरून रुमाल बांधून, थकून झोपली होती. बाळाचा पाळणा बाहेरच्या खोलीत होता. मी दार साखळीएवढं उघडलं. डॉक्टर.

"तक्रार नोंदवायची आहे," ते म्हणाले.

"दोन ते चार तक्रारी घेत नाही."

"आवाजाची आहे."

"कोणाच्या?"

"तुमच्या घरातून आवाज येत नाही."

मला वाटलं टोमणा मारतायत. पण ते हसत नव्हते. म्हणाले, तुमचा मिक्सर ऐकू येतो, तुमचा खोकला येतो, खुर्ची ओढली तर कोणती ते मला सांगता येईल. पण नात घरी आल्यापासून ती एकदाही ऐकू आली नाही. मला तिला एकदा बघू द्या.

मी म्हटलं, "झोपली आहे. चारनंतर या."

आणि मी दार लावलं. ते त्याआधी सकाळीही येऊन गेले होते, आणि तेव्हाही मी झोपली आहे असंच सांगितलं होतं.

मी खुर्चीत बसतो न बसतो तोच दाराबाहेर गदारोळ उठला. डॉक्टरांनी खालून स्वतःची जेवायची स्टीलची थाळी आणि पळी आणली होती आणि ते माझ्या दारासमोर ती बडवत होते. जिना पोकळ, आवाज चारही मजल्यांवर घुमला. दवाखान्यात थांबलेली बाळं एकदम रडायला लागली. कुत्री भुंकली. वरच्या मजल्यावरचे जोशीबुवा भूकंप झाला म्हणून पट्टेरी चड्डीत बाहेर आले. दारं उघडली, माणसं कठड्यावरून वाकली. माझ्या डोक्यात रागाची तिडीक गेली. मी साखळी काढली, दार सताड उघडलं आणि ओरडलो, "अहो, ती उठेल ना!"

डॉक्टरांनी थाळी वाजवायची थांबवली. हळू आवाजात म्हणाले, "उठली का?"

मी मागे वळून पाळण्याकडे पाहिलं.

सगळी इमारत जागी झाली होती. ती झोपलेली होती.

डॉक्टर माझ्या बाजूनं आत शिरले. त्यांनी पडदे बाजूला सारले, झबलं काढलं, तिला उजेडात धरलं आणि अंगठा कपाळावर ठेवला, मग छातीवर, मग पोटावर, मग पायावर. प्रत्येक ठिकाणी अंगठा उचलला की खाली हळदीचा रंग. केतकी कसली नि काय. त्यांनी तिचा हात उचलून सोडला, तो ओल्या फडक्यासारखा पडला. तळपायाला टिचकी मारली. तिनं तोंड वाकडं केलं, एक बारीक हुंकार काढला आणि पुन्हा मान टाकली. "रिक्षा," डॉक्टर एवढंच म्हणाले. मी अनवाणी जिना उतरलो. त्या वयात मी तसा पळेन असं मला वाटलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात तिला कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. बाकावर मी आणि डॉक्टर. ते आपणहून म्हणाले, की नवा डॉक्टर होतो तेव्हा असंच एक गुणी बाळ आणलं होतं, पण फार उशिरा. आधी गप्प होतं, मग एकदम ओरडायला लागलं, उंच, चिरका आवाज, पाठ मागे धनुष्यासारखी वाकलेली. जगलं ते. पण त्याला ऐकू कधीच आलं नाही. आई सांगत होती, पहिले काही दिवस किती शहाण्यासारखं होतं. "तेव्हापासून," ते म्हणाले, "शांत घर दिसलं की मला राहवत नाही."

माझी हिंमत होत नव्हती विचारायची. तरी विचारलं, की आपण वेळेत आलो का? ते म्हणाले, ती भांडायला लागली की सांगतो.

ती भांडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिव्याखालून बाहेर काढून आईजवळ दिली, आणि दूध मिळायला क्षणाचा उशीर झाला तेव्हा तिनं जो सूर लावला, तो ऐकून पलीकडच्या खोलीतली माणसं डोकावून गेली. माझी मुलगी रडत होती, आमची ही रडत होती, आणि डॉक्टर मात्र डोळे मिटून, मान डोलावत, गाण्याच्या मैफिलीला आल्यासारखे उभे होते. "भांडतेय," ते म्हणाले. "चांगली भांडतेय." पुढे कानाची तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. घरी आल्यावर तिनं दोन ते चार ही वेळ रडण्यासाठी खास राखून ठेवली. मी पेपर तोंडावर घेऊन ऐकत पडायचो.

आता त्या गोष्टीचं. लोक बाहेर आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: दार उघडं, डॉक्टरांच्या हातात बाळ, आणि मी रिक्षासाठी जिवाच्या आकांतानं धावतोय. त्यावरून त्यांनी गोष्ट जुळवली, आणि थाळी डॉक्टरांनी मदतीला माणसं जमवायला वाजवली असं ठरवून टाकलं. मुलीनं डॉक्टरांना विचारलं, की तुम्हाला कसं कळलं? मी शेजारीच उभा होतो. आता सांगतील, असं वाटून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ते म्हणाले, "तुझ्या बाबांमुळे वेळेत झालं." झालं. बारशाला प्रत्येक जण माझी पाठ थोपटत होता. आत्यानं कानात कुर्रर्र करून गार्गी नाव ठेवलं, सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि डॉक्टर एका कोपऱ्यात बुंदीचा लाडू खात माझ्याकडे पाहून हसत होते. पुढच्या गणपतीत सोसायटीनं दक्ष आजोबा म्हणून मला शाल आणि नारळ दिला. दवाखाना हलवण्याचा विषय मी मांडला नाही. पण बाकीही काही बोललो नाही. शाल एकदाही अंगावर घेतली नाही. थंडी वाजली की मी दोन सदरे घालायचो.

डॉक्टरांनी गेल्या वर्षी दवाखाना बंद केला आणि ते आपट्याला, पाताळगंगेच्या काठी, आपल्या जुन्या घरात राहायला गेले. या उन्हाळ्यात गार्गी सुट्टीला आली होती. आता ती माझ्या खांद्याला लागते आणि अखंड बोलते. ती म्हणाली, मला ते थाळीवाले डॉक्टर बघायचेत. रिक्षा केली. सबंध रस्ताभर तिनं रिक्षावाल्याला ती गोष्ट सांगितली, माझे आजोबा नुसतं बघून कावीळ ओळखतात, आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे आदरानं बघत होता. माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत शाल.

डॉक्टर अंगणात बसले होते. पोक वाढलेलं, पांढरा बुशशर्ट तोच. दारावर जुनी पाटी: येथे रडण्यास मनाई नाही. काय बोलायचं ते माझं ठरलं नव्हतं, पण तोंडातून निघालं ते हे: "तक्रार नोंदवायची आहे. खालून आवाज येत नाही हल्ली. दुपारी झोप लागत नाही मला."

ते खदखदून हसले. गार्गीच्या कपाळावर अंगठा गेला, मग माझ्या. मी शाल काढून त्यांच्या अंगावर घालायला गेलो, तर त्यांनी ती झटकन दूर धरली. "पिवळी आहे. इथे अजून बाळं आणतात लोक."

मग मी सगळं सांगितलं, गार्गीसमोर. की कावीळ मी ओळखली नव्हती. की मी तिचा पिवळा रंग मिरवला होता आणि तिच्या गप्प राहण्याचं कौतुक केलं होतं. की डॉक्टर दोनदा दाराशी आले आणि दोन्ही वेळा मी त्यांना परत पाठवलं. की म्हणून त्यांनी थाळी बडवली, सगळी इमारत उठली, आणि त्यांनी 'उठली का?' विचारलं तेव्हा ती तेवढी झोपलेली होती.

गार्गीनं विचारलं, "तुम्ही दार लावलंत?"

"हो."

ती डॉक्टरांकडे वळली. मग तुम्ही खोटं का सांगितलंत? डॉक्टर म्हणाले, "खोटं कुठे? रिक्षा त्यांनीच आणली. मला मिळाली नसती. पनवेलमधल्या सगळ्या रिक्षावाल्यांशी माझं भांडण होतं." मग म्हणाले, "आणि तुझी आई ओली बाळंतीण. तिला वडिलांचा राग धरायला लावून मी काय मिळवणार होतो? तू भांडत होतीस तेवढं पुरे होतं."

परतीच्या रस्त्यात गार्गी एक अक्षर बोलली नाही. रिक्षावाल्यानं दोनदा आरशात पाहिलं. घरी आल्यावर जेवली, झोपली, सकाळी पुस्तक घेऊन बसली, सगळं गपचूप. तिला राग येणार हे मी धरून चाललो होतो. पण ती शांतता मला सोसेना. डॉक्टरांनी मला एवढं तरी शिकवलं होतं. दोनदा मी स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि परत आलो. आमची ही म्हणाली, असू दे, बोलेल आपणहून. मी दुपारी खोलीचं दार लोटून पेपर तोंडावर घेऊन पडलो. झोप येणार नव्हतीच, पण डोळा लागला असावा.

कानठळ्या बसल्या. दाराबाहेर कोणीतरी थाळी बडवत होतं, सगळा जीव लावून. खालच्या बिऱ्हाडाचं कुत्रं भुंकायला लागलं. वर कुठेतरी दार उघडलं, जोशीबुवांचा आवाज आला, परत काय झालं हो, सेक्रेटरी? मी चष्मा न शोधताच धडपडत उठलो आणि दार उघडलं.

गार्गी उभी होती. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात पळी, दमलेली, केस तोंडावर आलेले, आणि हसू आवरत नव्हतं.

"उठलात का?" तिनं विचारलं.

"उठलो," मी म्हटलं.